कर गेल्यावरची नगरची फेरी

जालिंदरतात्या गेले. तेराव्याचं जेवन झालं, मांडव निघाला, पावने आपापल्या गावाला लागले. आता घरात बसल्या बसल्या ज्याला त्याला तात्याचंच आठवतंय. कोन म्हनतं तात्या लई कमी बोलायचे. कोन म्हनतं कारखान्यात जल्म काढला पन कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. समदं खरं हाय. पन तात्या कसे हुते हे कळायचं आसंल तर त्यांच्या नगरच्या फेरीचं सांगावं लागतंय, आन फेरीचं सांगायचं तर आधी कराचं.

तात्या साखर कारखान्यात अकौंट खात्याला शिपाई हुते. घर घोडेगावच्या आतल्या अंगाला, शनी शिंगणापूरच्या शिवेला लागून. तिकडं घराला चौकट आस्ती, दार नस्तं. कुत्रं आत शिरू नये म्हनून एक फळी आडवी लावायची, झालं. तात्याची एकच लेक, वृषाली. लई उशिरा झालेली, म्हनून जिवापाड. तिला नगरला दिली, सावेडीत. व्याही कानिफनाथ, त्यांचं टायरचं दुकान. जावई बापाबरोबर दुकानातच. मानसं चांगली. विहीनबाई तेवढ्या तोंडाच्या फटकळ. सुमनबाई त्यांचं नाव.

लगीन झालं आन तात्याचं घर रिकामं पडलं. राहीबाई, म्हंजे तात्याची बायको, ती रडून मोकळी झाली. तात्याला रडता यीना. मग ते काय करायचे, सुट्टी पडली की उठायचे आन नगरची यष्टी धरायचे. पयल्यांदा गेले ते कांदे घेऊन. दुसऱ्यांदा शेंगा घेऊन. तिसऱ्यांदा गेले ते तसेच, हात हालवीत. त्या घराला दार, दाराला बेल. तात्याला बेल दाबायचं कवाच जमलं न्हाई. फाटकापाशी हुभं राहायचे आन खाकरायचे. वृषालीला तो खाकरा बरोबर कळायचा, हातातलं टाकून पळत यायची.

त्या तिसऱ्या टायमाला तात्या बाहेरच्या खोलीत चहा पीत बसल्याले. आतून सुमनबाईचा आवाज आला, भांड्याला बोलल्यासारखा.

"लेक दिली का ठिवायला दिली, तेच कळंना."

तात्यांनी कप खाली ठिवला न्हाई. सगळा चहा संपवला. अर्धा ठिवून उठले आस्ते तर मागं लेकीला बोल लागला आस्ता. कप मोरीपाशी नेऊन ठिवला, वृषालीला म्हनले, "येतो गं," आन निघाले.

घरी आल्यावर राहीबाईनं इचारलं, "कशी हाय?"

"बरी हाय. आता कामाबिगर जायाचं न्हाई आपुन."

"आपलं काय काम हाय नगरला?"

काय काम आसनार? दवाखाना न्हाई, कोर्ट न्हाई, कचेरी न्हाई. बिनकामाचा बाप लेकीच्या दारात किती येळा जानार?

तर आता कर. त्या वक्ताला कारखान्यानं ऊस घेतला की त्या खरेदीवर राज्य सरकारला कर द्यावा लागायचा. ऊस खरेदी कर म्हनायचे त्याला. शेतकऱ्याच्या बिलातून न्हाई, कारखान्यानं भरायचा. त्याची कागदं महिन्याच्या महिन्याला नगरच्या हापिसात न्यायची, शिक्का मारल्याली पोच घ्यायची आन माघारी यायचं. हे काम कुनालाच नको आसायचं. तिथं साहेब जाग्यावर नसायचा, साहेब आसला तर शिक्का नसायचा. आधीच्या शिपायानं हात वर केले तसं अकौंटचे साहेब म्हनले, "आता हे कुनाच्या गळ्यात घालू?" तात्यांनी कवा कुनाला काय मागितलं न्हवतं. त्या दिवशी मातूर पुढं झाले.

"मी जातो."

साहेबानं वर बघितलं. "जालिंदर, तुला उन्हातान्हाचं..."

"मी जातो म्हनलं न्हवं."

तवापासून महिन्यातून एकदा कारखान्याची जीप निघायची. पुढं बिभीषन ड्रायवर, शेजारी तात्या, मांडीवर काळी रेक्झीनची पिशवी. हापिसातलं काम उरकलं की जीप सावेडीकडं वळायची. तात्या फाटकात खाकरायचे, आत जायाचे, पिशवी मांडीवर तशीच धरून बसायचे. कुनी काय इचारायच्या आधीच म्हनायचे, "कामाला आल्तो. म्हनलं डोकावून जावं."

पयल्या खेपेला सुमनबाईनं इचारलं, "कशाचं काम वं?"

"उसाच्या कराचं. कारखान्याला भरावा लागतोय." आन पिशवीतून पोच आर्धी बाहेर काढून दाखवली. मागितली कुनी न्हवती.

कराचं म्हनल्यावर कोन काय बोलनार? सरकारी काम. सुमनबाईनं मान हालवली आन चहा टाकला. तिथून पुढं समदं सुरळीत झालं. वृषालीला ठाऊक आसायचं की महिना सरला की आबा येनार, ती बापाला आबा म्हनायची. ती त्या आठवड्यात सारखी गॅलरीत यायची. तात्या बोलायचे थोडंच. लेकीकडं बघायचे, बारीक झाली का, हाताला भाजलं का, हसती ती आतून हसती का वरून. तेवढं बघून उठायचे. राहीबाईला घरी येऊन सांगायचे, "आतून हसती."

बिभीषन लई चेष्टेखोर. जीपमधी म्हनायचा, "तात्या, हापिसात पाच मिन्टं आन व्याह्याकडं तास. कर नक्की भरता कुठं तुमी?"

"गाडी चालीव."

"न्हाई, सरकारला कळलं तर तुमालाच दंड हुईल म्हनून इचारलं."

"पुढं म्हैस हाय, बघ."

घोडेगावच्या बाजाराचा दिवस आसला की रस्ताभर म्हशीच म्हशी. जाताना म्हशी मदी आल्या की तात्याचा जीव वरखाली, येताना आल्या तर कायबी न्हाई.

आशी वर्सं गेली. वृषालीला पोरगी झाली, मोनिका. तात्याच्या पिशवीत कागदाबरोबर राजगिऱ्याचा लाडू जायला लागला.

मग कराचं उलटं फिरायला लागलं. कारखाने तर कवापासूनच वरडत हुते की हा कर काढा, परवडत न्हाई. आधी सरकारनं काय केलं, जे कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करत्यात त्यांना सूट दिली. मग एका वर्सी साखर देशाबाहेर पाठवा आन माफी घ्या म्हनले. आसं हळूहळू दोर सैल सोडीत गेले. आन मग तो जीएसटी आला आन ऊस खरेदी कर मुळासकट गेला.

कारखान्यात नुस्ता आनंद. मोठ्या साहेबांनी पेढे वाटले. अकौंटच्या साहेबानं तर तात्याच्या खांद्यावर हात ठिवला. "जालिंदर, सुटलास बाबा. तुझी नगरची फेरी गेली. आता जिवाला आराम दे."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला आन बाहेर गव्हाणीपाशी जाऊन बसले. गव्हाण म्हंजे जिथून ऊस आत कारखान्यात जातोय ती जागा. पावसाळ्याचे दिवस, गव्हाण बंद, रिकामी. घरी आले तर राहीबाईला बी सांगायला जीभ उचलंना. तिनं रातच्याला ताट वाढता वाढता आपसूक काढून घेतलं.

"कर गेला," तात्या म्हनले.

"बरं झालं की."

"काय बरं झालं? आता नगरला कसं जायाचं?"

राहीबाईनं ताटात भाकरी टाकली. मग म्हनली, "मंग सरकारला सांगू का, आमच्या मालकापायी परत लावा म्हनून?"

तात्या हसले न्हाई. तिलाच हसू आलं आन मग तिचं तिलाच रडू आलं.

पन देवाची किरपा, कर गेला तरी शेपूट राह्यलं हुतं. मागल्या वर्सांची तपासनी, ह्याचा खुलासा, त्याची नक्कल, म्हनून हापिसातून बोलावनं यायचं. जीप कवातरी निघायची. तात्याला तेवढ्यावर दम निघत हुता. मग ते बी कमी कमी हुत गेलं, आन एक दिवस साहेब म्हनले, "संपलं जालिंदर. शेवटची फाईल बंद झाली."

त्याच्या पुढच्या महिन्यात तात्यांनी हक्काची रजा टाकली, काळी पिशवी घेतली, तिच्यात जुना पेपर घडी करून घातला म्हंजे पोट भरल्यासारखी दिसावी, आन यष्टीनं नगरला गेले. फाटकात खाकरले. मांडीवर पिशवी घेऊन बसले. म्हनले, "कामाला आल्तो. उसाच्या कराचं."

तात्याला खोटं बोलायची सवय न्हवती. म्हनून त्यांनी एकच खोटं पाठ केलं हुतं आन तेच तेवढं बोलायचे. बोलताना नजर फरशीवर. पोच मातूर आता दाखवायचे न्हाई. दाखवायला न्हवतीच.

वृषालीला कळलं हुतं का? कळलंच आसनार. पन ती बापाची लेक. तिनं कवा इषय काढला न्हाई.

मग ते दुष्काळी साल आलं. पानी न्हाई, ऊस न्हाई. जो काय हुता तो छावनीत जनावरांनी खाल्ला. कारखान्याचं धुराडं त्या वर्सी पेटलंच न्हाई, आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. आन आशात तात्या पिशवी घेऊन हजर.

"कामाला आल्तो. उसाच्या कराचं."

सुमनबाई कोथिंबीर निवडत हुती. हात थांबला तिचा. "कारखाना बंद हाय म्हन्ता ना यंदा? पेपरात आलंय. ऊसच न्हाई तर कर कशाचा वं?"

तात्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे त्यांच्या डोक्यातच आलं न्हवतं. कर गेलेला लोकांच्या ध्यानात यायचा न्हाई ह्याचा त्यांनी लई विचार केल्ता, पन ऊस गेलेला समद्यांना दिसतोय हे त्या साध्या मानसाच्या ध्यानातच न्हाई आलं. वृषाली दारात हुभी, तिचा पदर बोटाला गुंडाळलेला.

तेवढ्यात कोपऱ्यात पेपर वाचत बसल्याले कानिफनाथ बोलले. पेपर खाली न घेता.

"सरकारी काम हाय ते. माल आसो नसो, कोरं पत्रक द्यावंच लागतंय. आपल्या दुकानाचं न्हाई का देत आपुन? चहा टाक."

सुमनबाई परत कोथिंबिरीला लागली. कानिफनाथांनी पान उलटलं. तात्यांनी चहा पिला, मोनिकाच्या हातात लाडू दिला आन निघाले. पन माघारी यष्टीत त्यांना चैन पडंना. व्याह्याला खरंच तसं वाटलं का व्याह्यानं आपल्याला झाकलं? झाकलं आसंल तर त्याला समदं ठाऊक हाय. आन ठाऊक आसंल तर आता कोंच्या तोंडानं जायाचं? घरापर्यंत एवढाच इचार. घरी राहीबाईनं इचारलं, "आतून हसली का?" तर म्हनले, "बघायचंच राह्यलं."

पुढं करोना आला आन समद्याच फेऱ्या बंद पडल्या. करोना सरला तोवर तात्या रिटायर झाले. हार घातला, नारळ दिला, घरी आनून सोडलं. आता पिशवी घेऊन जायाची तर कुठल्या तोंडानं? रिटायर शिपायाला कोन कागद देतंय? तात्या दिवसभर वट्यावर बसायचे. वृषालीचा फोन यायचा, "आबा, येत न्हाई का?" तर म्हनायचे, "बघू, काय काम निघालं तर." राहीबाई म्हनायची, "आवं, जावा की तसंच." तात्याचं उत्तर ठरलेलं. "ठिवायला न्हाई दिली लेक." इतकी वर्सं झाली तरी ते एक वाक्य त्यांच्या काळजात काटा मोडल्यासारखं हुतं. वरून दिसंना, पन पाय टेकवला की टोचायचं.

आन एक दिवशी खुद्द कानिफनाथांचा फोन आला.

"व्याही, कराचं काम निघालंय. उद्या या. पिशवी घेऊन या."

एवढंच. फोन बंद.

तात्यांनी फोन ठिवला. "सापडलो," म्हनले.

राहीबाई म्हनली, "काय चोरी केली का तुमी?"

"खोटं बोललो. त्यांच्या घरात बसून, त्यांचा चहा पिऊन. आता समोर बसवून इचारनार. लेकीला त्या घरात राहायचं हाय गं."

राहीबाईनं शेंगा बांधून दिल्या. तात्या नको म्हनले. "भरल्या हातानं गेलो तर लाच दिल्यासारखं दिसंल." नुस्ती काळी पिशवी घेतली. त्यातला पेपर बी शेवटच्या फेरीला घातल्याला, जुना. बदलायचं सुचलं न्हाई.

सावेडीत पोचले तर घराचं दार सताड उघडं. तात्या फाटकापाशी हुभे राह्यले आन खाकरले.

आतून सुमनबाईचाच आवाज आला. "या की आत. खाकरता काय, दार उघडंच हाय."

तात्या आत गेले, कडंच्या खुर्चीवर टेकले. पिशवी मांडीवर. समोर कानिफनाथ, बाजूला सुमनबाई. वृषाली सैपाकघराच्या दारात.

"पिशवी आनली? द्या इकडं," कानिफनाथ म्हनले.

तात्यांनी दिली. कानिफनाथांनी चेन उघडली, पेपर बाहेर काढला, उलगडून बघितला.

"ह्यो तर दुष्काळातला दिसतोय. चारा छावनीची बातमी हाय."

तात्या फरशीकडं बघत राह्यले. "व्याही, चुकलं माझं," म्हनले. "कर लई दिवसांपूर्वी गेला. मी उगाच..."

"मला सांगता व्हय? ज्या दिवशी तुमचा कर गेला त्याच दिवशी आमच्या दुकानाला जीएसटी लागला. मला कळायचं न्हाई?"

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

"बोललो आस्तो तर तुमी आला आस्ता का?"

आत कुकरची शिट्टी झाली. मग सुमनबाई बोलली, आन ह्या टायमाला भांड्याला न्हाई, तात्याला बोलली.

"मला बी ठाऊक हुतं. ह्यांनीच सांगितलं, त्या कोथिंबिरीच्या दिवशी. तवाच फोन करायचा हुता, पन माझंच तोंड हुईना. तुमी का कामाबिगर येत न्हाई ते बी मला ठाऊक हाय. मी नवी नवरी हुते तवा माझे वडील आल्ते, ह्याच घरी. तवा हे घर पत्र्याचं हुतं. माझ्या सासूनं त्यांना तेच सुनावलं, लेक दिली का ठिवायला दिली. ते उठून गेले ते परत आलेच न्हाई. मी वाट बघितली लई. आन माझी सून आली तर तेच माझ्या तोंडातून निघालं, ध्यानीमनी नसताना. तुमाला निदान कर हुता वं. माझ्या बापाला कर न्हवता."

तात्यांनी मान वर केली. इतक्या वर्सात पयल्यांदा त्यांनी विहीनबाईच्या तोंडाकडं नीट बघितलं आसंल. बाई डोळे पुशीत न्हवती, सरळ बघत हुती. पदराचा काठ मातूर मुठीत घट्ट धरल्याला.

"आता कर न्हाई, कारखाना न्हाई. पुढच्या टायमाला काय कारन काढनार?" तिनं इचारलं.

"काय काढू?" तात्या म्हनले. खरंच इचारत हुते ते, साध्या मनानं.

"कायबी काढू नका."

कानिफनाथ म्हनले, "पिशवी मातूर जप्त. कर बुडवला तुमी आमचा." आन उठून त्यांनी ती पिशवी सैपाकघराच्या दारामागं खुंटीला अडकवली. वृषाली तिथंच हुभी हुती. ती हसली. तात्यांनी बघितलं. आतून हसली.

त्या दिवशी सुमनबाईनं शेंगोळ्या केल्त्या, लसनाचा ठसका दिल्याल्या. तात्या जेवले. पोटभर जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आन जेवून तिथंच दिवानावर आडवे झाले. जो मानूस त्या घरात कवा पाठ टेकून बसला न्हवता, तो भर दुपारचा घोरायला लागला. मोनिका पळत आईकडं गेली. "आई, आबा घोरत्यात." वृषाली म्हनली, "घोरू दे. हळू बोल."

घरी आल्यावर राहीबाई इचारायला तोंड उघडती तोच तात्या म्हनले, "मोकळं झालं गं समदं." आन कोपरीची गुंडी सोडून वट्यावर बसले.

तिथून पुढं तात्या मनाला येईल तवा जायाचे. कांद्याची गोनी आसली तर घेऊन, नसली तर तसेच. राहीबाईला बी न्यायचे. काळ्या पिशवीतून वृषाली भाजी आनायला लागली. बिभीषन एकदा रस्त्यात भेटला तर म्हनला, "तात्या, कुठं? कर भरायला का?" तात्या म्हनले, "न्हाई, माफ झाला."

ह्या वर्सी छातीचं दुखनं निघालं. नगरच्या दवाखान्यात ठिवलं, मग डॉक्टर म्हनले घरी न्या, पन दवाखान्याच्या जवळ राहू द्या. तर सावेडीतच ठिवलं, बाहेरच्या खोलीत, त्याच दिवानावर. राहीबाई बी तिथंच. जावयानं रजई आनली, मोनिका रोज शाळेतून आली की आधी तिथं. दार उघडंच आसायचं, तात्याला बंद दारात कोंडल्यासारखं वाटायचं म्हनून. शेवटी शेवटी बोलनं लई कमी झालं. पन कानिफनाथ रोज सकाळी दुकानाला निघताना पायताण घालता घालता इचारायचे, "काय व्याही, आज काय काम काढलं?"

आन तात्या उशीवरून मान जराशी हालवून म्हनायचे, "काय न्हाई. बसलोय."

ज्या दिवशी गेले त्या दिवशी सकाळी बी इचारलं. तवा बी तेच म्हनले. दुपारी लेकीच्या हातचं पानी पिले आन गेले. जीव कुठं अडकला न्हाई.